दंडाचे हाड : बाईचे की बाप्याचे?

उन्हाळ्यात विहिरीचे काम निघते, शेततळ्यासाठी जेसीबी लागतो, नाहीतर ओढ्याकाठची दरड पावसात ढासळते आणि मातीतून एक लांबट, पिवळसर हाड वर येते. मजूर हातातले खोरे खाली टाकतात. कोणी म्हणतो, बैलाचे असेल. कोणी म्हणतो, नाही बुवा, हे माणसाचे दिसते. संध्याकाळपर्यंत पारावर चार गोष्टी तयार झालेल्या असतात. एकाला काही वर्षांपूर्वी बाजाराला म्हणून गेलेला नि परत न आलेला कोणाचा तरी भाऊ आठवतो. दुसऱ्याला माहेरी जाते म्हणून निघालेली आणि माहेरी न पोचलेली सून आठवते.

गावाला दोघेही एकाच दमात आठवतात, पण हाड एकाचेच असते. ते बाईचे की बाप्याचे, एवढे कळले की बेपत्ता माणसांची अर्धी यादी एका फटक्यात खोडली जाते. उत्तर चुकले, तर खोडली जाते ती नेमकी नको ती बाजू. मग तपास दुसऱ्याच घराच्या दारात जातो आणि ज्या घराने वाट पाहायची ते घर वाट पाहतच राहते.

ही वाट पाहणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात माणूस बेपत्ता आहे त्यांनाच ठाऊक. बाईने कुंकू लावावे की पुसावे, हे तिला कोणी सांगू शकत नाही. सातबाऱ्यावरचे नाव तसेच राहते, वारसाची नोंद होत नाही, विम्याचा दावा अडकतो, सोसायटीचे कर्ज मात्र वाढत राहते. ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षे काही खबर लागली नाही, तर माणूस हयात नाही असे कायदा गृहीत धरतो. त्यासाठीही बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागते. सात वर्षे म्हणजे मुलगी पहिलीत असताना बाप गेला, तर ती आठवीत जाईपर्यंतचा काळ. ओळख पटलेले एक हाड हा सगळा गुंता आधी सोडवू शकते. म्हणून आज या दंडाच्या हाडाची गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे.

आधी जनावराचे की माणसाचे

पोलिसांनी हाड सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले, की तिथला न्यायवैद्यक शास्त्राचा डॉक्टर लगेच बाई-बाप्याचा विचार करत नाही. हे हाडच आहे ना, माणसाचेच आहे ना, एकाच माणसाचे आहे की दोघांचे, आणि किती जुने आहे, एवढे प्रश्न आधी असतात. पहिला प्रश्न तुम्हाला हास्यास्पद वाटेल. पण मातीत मुरलेले मूळ किंवा पीव्हीसीचा तुकडा लांबून हाडासारखा दिसतो, हे खणणाऱ्यांना माहीत आहे.

जनावर आणि माणूस यांतला फरक तुमच्यापैकी पुष्कळांना डॉक्टरइतकाच कळेल. बोकडाचा पुढचा पाय तुम्ही पाहिला असेल. त्याच्या कोपराखालची दोन हाडे एकमेकांना चिकटून एक झालेली असतात. गाय, बैल, मेंढी यांचेही तसेच. माणसाच्या कोपराखाली मात्र दोन हाडे सुटी असतात आणि त्यातले एक दुसऱ्याभोवती फिरते. म्हणून तर आपल्याला ओंजळ धरता येते आणि तोच पंजा पालथा घालून भाकरी थापता येते. बैलाला ते जमत नाही. त्याला त्या पायावर अंगाचा भार पेलायचा असतो. बैलाचे दंडाचे हाड आखूड आणि दणकट, माणसाचे लांब आणि त्या मानाने सडपातळ. घोटाळा होतो तो वानराच्या हाडात आणि लहान मुलांच्या हाडात. तिथे अनुभवी माणूसही दोनदा पाहतो.

हाताने चाचपून पाहा

खांद्यापासून कोपरापर्यंत आपल्या दंडात एकच हाड असते. इंग्रजी वैद्यकात त्याला ह्यूमरस म्हणतात, मराठी पुस्तकांत भुजास्थी. आपण दंडाचे हाडच म्हणू. त्याच्या वरच्या टोकाला अर्ध्या चेंडूसारखा गुळगुळीत गोळा असतो. तो खांद्याच्या उथळ खोबणीत बसतो आणि हात चहूबाजूंनी फिरतो. ज्यांनी घरातल्या माणसाच्या अस्थी सावडल्या आहेत त्यांना आठवत असेल, राखेत हाडांचे असे अर्धगोल तुकडे सापडतात. ते खांद्याचे किंवा खुब्याचे गोळे असतात.

खालचे टोक तुम्ही आत्ता, या क्षणी चाचपून पाहू शकता. कोपर वाकवा. आतल्या बाजूला एक टोकदार उंचवटा लागेल. त्याच्या मागून जाणाऱ्या शिरेला धक्का लागला, की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. बाहेरच्या बाजूला दुसरा, थोडा बोथट उंचवटा आहे. या दोन उंचवट्यांमधले अंतर म्हणजे कोपराकडची रुंदी. आता घरातल्या कारभाऱ्याचे आणि कारभारणीचे कोपर शेजारी धरून पाहा. बहुतेक घरांत फरक डोळ्यांना दिसेल. काही घरांत दिसणार नाही, आणि या शास्त्राची सगळी अडचण त्या काही घरांतच आहे.

हाड मोजायची साधने अगदी साधी. चपलांच्या दुकानात पाऊल मोजायची फळी असते ना, एका टोकाला अडसर आणि दुसऱ्या टोकाला सरकणारी पट्टी, तशीच लाकडी फळी हाडाची लांबी घ्यायला वापरतात. गोळ्याचा व्यास आणि कोपराची रुंदी यांसाठी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे लेथवरच्या कारागिराकडे असते तेच. हाडाच्या मधल्या भागाचा घेर फितीने किंवा दोऱ्याने. एवढ्या सामानात काम भागते. विजेची गरज नाही, रसायनाची नाही. मात्र मोजणाऱ्याचा हात सरावाचा हवा, कारण इथे सगळा खेळ मिलिमीटरचा आहे.

फरक पडतो कशाने?

लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या दंडात फारसा फरक नसतो. वाढत्या हाडाच्या टोकाला कुर्चेचा एक थर असतो. हाड लांबते ते तिथे. वयात येताना तो थर हळूहळू हाडात मिसळून जातो आणि वाढ थांबते. मुलींमध्ये हे सुमारे दोन वर्षे आधी होते. मुलाच्या हाडाला वाढायला जास्त वेळ मिळतो, शिवाय पुरुषी संप्रेरकांमुळे स्नायू भरतात आणि त्या स्नायूंना धरून ठेवणारे हाडही जाड होते. मोठेपणी पुरुषाचे दंडाचे हाड सरासरीने दोन-तीन सेंटिमीटर लांब भरते.

यावरून एक गोष्ट उघड आहे. वयात न आलेल्या मुलाच्या हाडावरून मुलगा की मुलगी हे मोजून सांगता येत नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी आणि त्याही आधी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ती माणसे लहान मूल गेले, की दोन मातीच्या रांजणांची तोंडे एकमेकांना लावून त्यात त्याला ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. अशी पुष्कळ दफने तिथे निघाली. दातांवरून त्या लेकरांचे वय सांगता येते. किती महिन्यांचे, किती वर्षांचे, हे बऱ्यापैकी अचूक. पण ती मुले होती की मुली, हे त्यांच्या इवल्या दंडांवरून कळायला मार्ग नाही. तीन हजार वर्षांपूर्वी एका आईला जे ठाऊक होते, ते फळी आणि कॅलिपर यांना आजही सांगता येत नाही.

त्रेचाळीस आणि सत्तेचाळीस

मोठ्या माणसाच्या हाडाकडे वळू. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात थॉमस ड्वाइट नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०५ साली एक गोष्ट दाखवून दिली. हाडाच्या लांबीपेक्षा सांध्याजवळच्या गोळ्याचा आकार बाई-बाप्या ओळखायला जास्त उपयोगी पडतो. त्यांच्या मापांत दंडाच्या गोळ्याचा उभा व्यास पुरुषांत सरासरी ४८.८ मिलिमीटर, तर स्त्रियांत ४२.७ मिलिमीटर भरला. म्हणजे फरक सहा मिलिमीटरचा, ज्वारीच्या दीड-दोन दाण्यांएवढा.

पुढे अमेरिकेतल्याच टी. डेल स्टुअर्ट यांनी १९७९ साली एक सोपा आडाखा पुस्तकात दिला. गोळा ४३ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर बाई, ४७ पेक्षा मोठा असेल तर पुरुष, आणि मध्ये असेल तर सांगता येत नाही असे लिहा. मला यातला तिसरा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. टीव्हीवरच्या मालिकेत डॉक्टर हाड हातात घेतो, एक भुवई वर करतो आणि बाईचे वय, उंची, व्यवसाय सगळे सांगून मोकळा होतो. खरा डॉक्टर ‘सांगता येत नाही’ असे लिहायला लाजत नाही.

लांबीपेक्षा गोळा भरवशाचा का, याचे कारण शेतकऱ्याच्या घरात चटकन पटेल. कष्टाने हाड बदलते. मात्र सगळे सारखे बदलत नाही. मधला दांडा कामाने जाड आणि मजबूत होतो, सांध्याच्या गोळ्याचा आकार त्या मानाने कमी बदलतो. २०१७ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातल्या अॅलिसन मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य युरोपातल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांची हाडे तपासली. त्यांची तुलना त्यांनी आजच्या नौकावल्हवणाऱ्या तरुण महिला खेळाडूंशी केली. या खेळाडू आठवड्याला कितीतरी तास वल्ही मारणाऱ्या. तरीही त्या जुन्या बायकांची दंडाची हाडे खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्के मजबूत निघाली. कारण काय असावे? जमीन उकरणे, पीक काढणे, आणि रोज तासन्‌तास दगडावर दगड घासून धान्य दळणे.

हे वाचून मला आपल्याकडच्या जात्यावर बसणाऱ्या आज्या आठवल्या. पहाटे चारला उठून पायली-दोन पायली दळायचे, मग मुसळ, मग विहिरीचा दोर. अशा बाईच्या दंडाच्या हाडाचा घेर घेतला आणि तेवढ्यावरच निकाल दिला, तर तिला पुरुष ठरवायला वेळ लागणार नाही. आणि उलट, जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या सडपातळ माणसाचा घेर त्याला बाईच्या रांगेत बसवील. म्हणून जाणता माणूस एका मापावर थांबत नाही. तो गोळा, रुंदी, लांबी, घेर सगळी मापे घेतो आणि एकत्र हिशेब मांडतो.

काही खुणा मापाच्या नसतात, नजरेच्या असतात. कोपराच्या मागच्या बाजूला हाडात एक खळगा असतो. हात सरळ केला की कोपराचे टोक त्यात बसते. कॅनडातल्या ट्रेसी रॉजर्स यांनी १९९९ साली दाखवले की हा खळगा बायकांत बहुधा लंबगोल आणि खोल, तर पुरुषांत त्रिकोणी आणि उथळ असतो. हाड टेबलावर ठेवले की आतला उंचवटा बायकांत वर उचललेला दिसतो, पुरुषांत टेबलाला समांतर. अशा चार खुणा मिळून पाहिल्या, तर त्यांच्या तपासणीत शंभरातल्या ९२ हाडांचे उत्तर बरोबर आले. काही हाडांत त्या खळग्याच्या पातळ भिंतीला आरपार भोकच असते. ते बायकांत आणि डाव्या हातात जास्त वेळा सापडते. पण पुरुषांतही सापडते, म्हणून ते पुरावा नव्हे, इशारा.

अमेरिकेचे माप आपल्या अंगाला

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ४३ आणि ४७ हे आकडे अमेरिकेतल्या माणसांच्या हाडांवरून काढलेले. आपली माणसे सरासरीने लहान चणीची. त्या आडाख्याला आपले हाड लावले, तर आपल्याकडचा कितीतरी धडधाकट पुरुष बाई ठरेल. दुसऱ्याच्या अंगरख्याच्या मापाने आपला अंगरखा बेतल्यासारखे होईल. आणि इथे चूक झाली, तर ती एकाच बाजूला होते. पुरुषांची हाडे बायकांच्या खात्यावर जमा होतात, आणि बेपत्ता बापाचा, भावाचा शोध तिथेच थांबतो.

हे आपल्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात फार पूर्वी आले. इंदर जित आणि एस. सिंग यांनी १९६६ साली गळ्याजवळच्या हाडाचा, म्हणजे हसळीचा, अभ्यास छापला आणि त्यात एक नवी रीत मांडली. इंग्रजीत तिला ‘डिमार्किंग पॉइंट’ म्हणतात. आपण तिला खात्रीची सीमा म्हणू. १९७२ साली एस. सिंग आणि एस. पी. सिंग यांनी हीच रीत दंडाच्या हाडाला लावली.

ही रीत कांद्याच्या ढिगावरून समजावून सांगतो. समजा, दोन वाफ्यांतले कांदे एकाच ढिगात मिसळले. पहिल्या वाफ्यातले थोडे मोठे, दुसऱ्यातले थोडे लहान, पण मधल्या आकाराचे कांदे दोन्हींत आहेत. आता नुसती सरासरी घेऊन ‘याहून मोठा तो पहिल्या वाफ्यातला’ म्हटले, तर मधल्या कांद्यांत वीस चुका होतील. त्याऐवजी असे करा. पहिल्या वाफ्यातला कांदा लहानात लहान किती असू शकेल, हे हिशेबाने काढा. त्याहूनही लहान कांदा हातात आला, की तो दुसऱ्याच वाफ्यातला. तसेच दुसऱ्या वाफ्यातला मोठ्यात मोठा किती असेल ते काढा. त्याहून मोठा तो पहिल्याचा. मधल्या सगळ्या कांद्यांबद्दल गप्प बसा.

हाडांच्या बाबतीत हा हिशेब असा : शंभर-दोनशे माहितीच्या हाडांची सरासरी काढायची, मापे त्या सरासरीभोवती किती पसरतात ते काढायचे, आणि त्या पसाऱ्याच्या तिप्पट अंतरावर दोन्ही बाजूंना रेघ मारायची. हजारात तीन हाडे जेमतेम त्या रेघांबाहेर जातात. या रीतीने दिलेले उत्तर जवळजवळ पक्के असते. पण तिची किंमतही मोजावी लागते. बहुसंख्य हाडे मधल्या पट्ट्यातच पडतात आणि त्यांचे उत्तर मिळत नाही. मग एकाऐवजी चार-पाच मापे घ्यायची. लांबी मधल्या पट्ट्यात पडली, तरी गोळा किंवा रुंदी सीमेबाहेर पडण्याची आशा असते.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती आपल्याला अधिक जवळची. भारत म्हणजे एकच शेत नव्हे. पंजाबातली चण वेगळी, गंगाकाठची वेगळी. म्हणून सीमा प्रत्येक विभागाची निराळी काढली पाहिजे. मांडीच्या हाडासाठी त्यांनी खास वाराणसी विभागाच्या सीमा काढल्या. त्यानंतर देशातल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत अशी मोजणी झाली. बी-बियाण्यांच्या बाबतीत आपण हेच म्हणतो ना, की लुधियानाची शिफारस परभणीच्या जमिनीला डोळे झाकून लावू नका?

नुसत्या लांब हाडांवर भरवसा किती ठेवावा? अमेरिकेतल्या डब्ल्यू. एम. क्रॉगमन यांचे १९६२ सालचे पुस्तक आपल्याकडच्या डॉक्टरांनाही परिचयाचे आहे. ७५० सांगाड्यांच्या अनुभवावरून त्यांनी लिहिले : अख्खा सांगाडा हाती असेल तर शंभर टक्के, नुसती कंबरेची हाडे असतील तर ९५, नुसती कवटी असेल तर ९२, आणि नुसती हातापायांची लांब हाडे असतील तर ८० टक्के. कंबर सर्वांत बोलकी, कारण बाळंतपणासाठी बाईच्या कंबरेची घडणच वेगळी. मग दंडाच्या हाडाची एवढी उठाठेव कशाला? कारण कंबर आणि कवटी दरवेळी मिळत नाहीत. कुत्री, कोल्ही, तरस हाडे ओढून नेतात. पूर आला की हाडे दहा ठिकाणी विखुरतात. कोकणातल्या जांभ्याच्या आंबट जमिनीत हाड लवकर झिजते. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जास्त टिकते. आणि टिकते तेव्हाही मधला दांडा टिकतो, टोकांची भुसभुशीत हाडे आधी जातात. म्हणजे ज्या गोळ्यावर एवढी भिस्त, तोच पुष्कळदा कुरतडलेला असतो. जळलेले हाड तर आकसते. पुरुषाचा गोळा आगीत आकसून बाईच्या मापाचा होऊ शकतो.

मुंबईच्या डॉक्टरचे प्रकरण

सांगाड्यांच्या इतिहासातले एक गाजलेले प्रकरण इथे सांगायला हवे, कारण त्यातला आरोपी मुंबईत जन्मलेला. बुख्तियार रुस्तमजी रतनजी हकीम नावाचा हा पारशी डॉक्टर मुंबईत शिकला, विलायतेला गेला आणि बक रक्स्टन या नावाने लँकेस्टर गावात दवाखाना चालवू लागला. १९३५ च्या सप्टेंबरात त्याची पत्नी आणि घरात मुले सांभाळणारी वीस वर्षांची मुलगी अशा दोघी नाहीशा झाल्या. २९ सप्टेंबरला दूर स्कॉटलंडमध्ये, मॉफट गावाजवळच्या एका ओढ्यात गाठोडी सापडली. आत दोन मृतदेहांचे सुमारे सत्तर तुकडे. कोणी केले त्याला शरीरशास्त्र येत होते. ओळख पटेल असे नाक, कान, डोळे, बोटांची टोके मुद्दाम काढून टाकलेली.

सुरुवातीला बातमी पसरली, की एक देह पुरुषाचा आणि एक बाईचा. ही बातमी वाचून रक्स्टनला केवढा आनंद झाला! आपल्याकडच्या दोघी बाया होत्या, तेव्हा हे प्रेत आपल्या घरचे नव्हे, असे तो घरकामाच्या बाईला सांगू लागला. एका चुकीच्या तर्काने खुनी जवळजवळ निसटलाच होता.

पुढे एडिंबरा विद्यापीठाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ब्रॅश आणि ग्लासगोचे न्यायवैद्यक प्राध्यापक जॉन ग्लेस्टर यांनी ते तुकडे जुळवले. कोणता दंड कोणत्या खांद्याला बसतो, कोणते कोपर कोणत्या हाताचे, असे एकेक जोडत दोन देह उभे केले. दोन्ही बायकांचे निघाले. एकीच्या हाडांची वाढ नुकती पुरी होत आलेली, म्हणजे विशीच्या आसपासची. दुसरी पस्तिशीच्या पुढेमागे. तुकडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते तो १५ सप्टेंबरच्या ‘संडे ग्राफिक’चा असा अंक होता, जो फक्त लँकेस्टर-मोरकँब भागातच विकला गेला होता. कवटीच्या छायाचित्रावर जिवंतपणीचे छायाचित्र बसवून पाहिले. मार्च १९३६ मध्ये रक्स्टन दोषी ठरला आणि १२ मे १९३६ रोजी त्याला मँचेस्टरच्या तुरुंगात फाशी झाली.

आज हे काम डीएनए तपासणीने होते, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. दातातून किंवा मांडीच्या हाडातून नमुना घेऊन बाई की पुरुष हे प्रयोगशाळा सांगते, आणि नातेवाइकाच्या रक्ताशी जुळवून माणूस कोण हेही सांगते. पण जुळवायला नातेवाईक आधी सापडावा लागतो. महाराष्ट्रभरातल्या बेपत्ता माणसांच्या प्रत्येक घरातून रक्त कोण आणणार? दंडाचे हाड मोजले की पुरुष की बाई याचा अंदाज येतो, मग उंचीचा. कारण हे हाड माणसाच्या उंचीच्या सुमारे एक पंचमांश असते. आणि उंची काढायची सूत्रेही पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. पहिले उत्तर चुकले तर दुसरे आपोआप चुकते. कॅलिपर यादी लहान करते, मग रक्ताचा नमुना कोणाकडे मागायचा ते पोलिसांना कळते. फार जुन्या किंवा जळलेल्या हाडात डीएनए शिल्लकच नसतो, तेव्हा तर मापावाचून दुसरे साधन उरत नाही.

तुमच्या शेतात निघाले तर

हाड दिसले की काम तिथेच थांबवा. जेसीबीवाला घाईत असतो, त्याला पुढचे काम असते, तरी थांबवा. हाड उचलू नका, धुऊ नका, काठीने खोदून आणखी शोधू नका. धुतले की चिकटलेली माती जाते आणि खोऱ्याचा एक घाव गोळ्यावर बसला की सर्वांत कामाचे माप जाते. जागा ओळखू यावी म्हणून कडेला दगड ठेवा, कुत्री येऊ नयेत म्हणून काटे टाका आणि पोलीस पाटलाला कळवा. तो पोलीस ठाण्याला खबर देईल. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमाखाली जो पंचनामा होत असे, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ कलमाखाली होतो. पंच म्हणून सही करायची वेळ आली, तर हाड किती खोल होते, कोणत्या दिशेला पडले होते, जवळ बांगडी, बटण, करगोटा, चपलेचा तुकडा काही होते का, हे सगळे लिहिले आहे ना ते वाचून मगच सही करा. ‘एक हाड मिळाले’ एवढ्या एका ओळीवर सही करू नका.

खबर दिली तर आपल्यामागे लचांड लागेल, या भीतीने हाड पिशवीत घालून नदीत सोडून देणारे लोक आहेत. त्यात पुण्यकर्म केल्याचीही भावना असते. पण मग ते कोणाचे होते, हे विचारायची सोयच उरत नाही.

घरातले माणूस बेपत्ता असेल, तर पोलिसांत नोंद करताना त्याची उंची, पूर्वी हात-पाय मोडला असेल तर कोणता नि कधी, दात पडले-बसवले असतील ते, हे सगळे सांगून ठेवा. एक्स-रे घरात कुठे पत्र्याच्या पेटीत असेल तर जपून ठेवा. मोडून जुळलेल्या दंडाची खूण हाडावर वर्षानुवर्षे दिसते. एक्स-रेशी ती जुळली, तर सरासरी, सीमा, मिलिमीटर या कशाचीच गरज पडत नाही.

आणि खणताना हाडाबरोबर रंगवलेल्या मडक्याची खापरे, रांजणाचे काठ, राखेचे थर निघाले, तर पोलीस पाटलाबरोबर तहसीलदारालाही सांगा. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड यांच्या काठी इनामगावसारख्या जुन्या वस्त्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ आज कोणाच्या ना कोणाच्या उसाखाली आहेत.